दुसऱ्यासाठीं मुलानें काय मागावें?

लहान मुलाला हात जोडावयास शिकवितांना त्या हातांनीं पहिल्यानें काय मागावयाचें, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. बुद्धि दे, विद्या दे, घरांतल्या सर्वांना सुखी ठेव, एवढ्यावर बहुतेक घरांतील दिवेलागणीची प्रार्थना आटोपते. आणि तेवढ्यानें मुलाच्या मनाला कांहीं वळण लागलें असें समजून वडील मंडळी आपापल्या उद्योगास लागतात. परंतु ज्याला आपण कधीं पाहिलें नाहीं, ज्याची भाषा आपणांस येत नाहीं, ज्याचा देवही आपल्या देवाहून निराळा आहे, अशा माणसासाठीं मुलानें देवापाशीं कांहीं मागावें काय, आणि मागावयाचें तर तें कोणीं ठरवावयाचें, हा प्रश्न आपल्या घरांत सहसा उद्भवत नाहीं. ख्रिस्ती मिशनांच्या इतिहासांत मात्र तो पदोपदीं उभा राहतो. मिशनचें काम केवळ परदेशीं जाणाऱ्या उपदेशकांचें नव्हे, तें घरीं राहणाऱ्या आईबापांचें व मुलांचेंही आहे, ही कल्पना त्या समाजांत पावणेदोनशें वर्षांहून अधिक काळ रुजलेली आहे. मुलांना त्या कामांत ओढून घेण्याचीं जीं साधनें तेथें निघालीं, म्हणजे मासिकें, पैशांच्या पेट्या, नकाशे, प्रार्थनेचीं पुस्तकें, तीं पाहिलीं म्हणजे आदर आणि शंका हीं दोन्ही एकदमच मनांत येतात.

या विषयावर दोन उत्तरें तयार असतात. एक पक्ष म्हणतो, कोवळ्या मनाचा धर्मप्रसारासाठीं उपयोग करणें हा उघड अपराध आहे. दुसरा म्हणतो, मुलाला परोपकाराचें वळण लावण्यास याहून चांगला मार्ग नाहीं. आम्हांला हीं दोन्ही उत्तरें घाईचीं वाटतात. म्हणून आधीं प्रत्यक्ष काय घडलें तें पाहूं आणि मग न्याय करूं.

१८३९ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत दक्षिण समुद्रांतील एरोमँगो नांवाच्या बेटावर जॉन विल्यम्स हा इंग्रज मिशनरी आपल्या एका सोबत्यासह मारला गेला. १७९५ सालीं स्थापन झालेल्या लंडन मिशनरी सोसायटीच्या अत्यंत नांवाजलेल्या माणसांपैकीं तो एक. पुढें त्या सोसायटीनें असें ठरविलें कीं, त्या बेटांमधून फिरण्यासाठीं एक नवें जहाज घ्यावें आणि त्याचा पैसा मुलांनीं जमवावा. पेनी पेनी करून मुलांनीं सहा हजार पौंडांहून अधिक रक्कम उभी केली, आणि १८४४ सालीं ‘जॉन विल्यम्स’ याच नांवाचें जहाज पाण्यांत उतरलें. वीस वर्षांनीं, १८६४ सालीं, तें एका बेटाच्या खडकांवर आपटून फुटलें. मुलांनीं पुन्हा पैसे जमविले. दुसरें जहाज १८६७ च्या आरंभीं निउए बेटापाशीं गेलें. मुलें तिसऱ्यानें पेट्या घेऊन दारोदार फिरलीं. अमेरिकेंतही हेंच झालें. १८५६ सालीं बोस्टनहून ‘मॉर्निंग स्टार’ नांवाचें मिशनचें जहाज निघालें, त्याचे दहा दहा सेंटांचे भाग रविवारच्या शाळांतील मुलांना विकलेले होते, आणि प्रत्येक मुलाला आपल्या भागाचा छापील दाखला मिळालेला होता. हें जहाज ज्या अमेरिकन बोर्डाचें, त्याच बोर्डाचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ सालीं मुंबईस उतरले होते. ‘ज्ञानोदय’ पत्र व मुलांचें ‘बालबोधमेवा’ हें मासिक त्यांच्याच मराठी मिशनचें. तेव्हां हा इतिहास सातासमुद्रांपलीकडचा असला तरी आपल्या दाराशीं येऊन गेलेला आहे.

या हकीकतींतील चांगली बाजू ओळखावयास आपल्याला कांहीं कठीण पडूं नये. अंताजी दामोदर काळे यांनीं पैसाफंड काढला तेव्हां त्यांनाही हेंच दिसलें होतें कीं, मोठ्या देणगीनें काम उभें राहतें खरें, पण लहान देणगीनें माणूस उभा राहतो. ज्या मुलानें आपल्या खाऊचा पैसा पेटींत टाकला, त्याच्या दृष्टीनें त्या जहाजांतील एक फळी त्याची झाली. नकाशांतील निळ्या रंगावर त्याची फळी कोठें असेल, हें तें बोटानें शोधूं लागलें. आपल्या गल्लीच्या बाहेर जग आहे आणि त्या जगाशीं आपला कांहीं संबंध आहे, हें ज्ञान त्याला भूगोलाच्या पुस्तकानें दिलें नसतें.

रोमन कॅथॉलिक पंथांतही याच सुमारास अशीच चळवळ निघाली. १८४३ सालीं फ्रान्समधील बिशप फोर्बिन-जान्सन यांनीं ‘पवित्र बालपण’ नांवाची मुलांची संस्था स्थापिली. नियम दोनच. प्रत्येक मुलानें रोज मरियेची एक छोटी प्रार्थना म्हणावयाची आणि महिन्याला एक सू, म्हणजे तेथील एक हलकें नाणें, द्यावयाचें. हें सर्व मुख्यतः चीनमधील टाकलेल्या व मरणोन्मुख मुलांसाठीं. मुलांनींच मुलांना मदत करावी, ही त्यामागची कल्पना. १९२२ सालीं पोपनीं ती संस्था आपल्या थेट छत्राखालीं घेतली, आणि ती आजही चालू आहे.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप स्वातंत्र्याचा. मूल अजाण आहे. त्याच्या तोंडीं प्रार्थना घालणें म्हणजे त्याच्या बुद्धीला विचारण्यापूर्वींच तिची सही घेणें होय, असें म्हणतात. या आक्षेपाला मोठीं नांवें पाठीशीं आहेत. रूसोनें १७६२ सालीं ‘एमिल’ लिहिलें त्यांत आपल्या विद्यार्थ्याला पंधरा वर्षांचा होईपर्यंत धर्माची गोष्टच सांगितली नाहीं. जेम्स मिलनें आपल्या मुलाला, म्हणजे जॉन स्टुअर्टला, कोणत्याही धर्मश्रद्धेवांचून वाढविलें. पण या दुसऱ्या उदाहरणांतच आक्षेपाचें उत्तर दडलेलें आहे. धर्म न देणें हेंही एक देणेंच आहे. जॉन स्टुअर्ट मिलला वडिलांनीं धर्म दिला नाहीं, पण धर्माविषयींचें आपलें मत मात्र भरपूर दिलें. मुलाला भाषा देतांना आपण त्याची संमति घेत नाहीं. खाणेंपिणें, लाज, अभिमान, कोणाला नमस्कार करावयाचा आणि कोणापासून दूर राहावयाचें, यांतील एकही गोष्ट आपण त्याला विचारून देत नाहीं. कोरें मूल वाढविण्याची प्रतिज्ञा करणाऱ्या घरांतही भिंतींवर कांहीं ना कांहीं टांगलेलें असतेंच.

तेव्हां घरांतील प्रार्थनेविरुद्ध हा आक्षेप टिकत नाहीं. जेथें तो टिकतो ती जागा निराळी आहे, आणि कायद्यानें ती बरोबर हेरली आहे. आपल्या राज्यघटनेच्या २८ व्या कलमान्वयें सरकारनें मान्य केलेल्या किंवा सरकारी मदत मिळणाऱ्या शाळेंत, मुलाच्या पालकाच्या संमतीवांचून, त्याला धार्मिक शिक्षणास किंवा उपासनेस बसवितां येत नाहीं. १९८९ च्या बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारानेंही मुलाचें विचारस्वातंत्र्य व धर्मस्वातंत्र्य मान्य करून आईबापांना मार्गदर्शनाचा अधिकार ठेवला आहे, पण तो मुलाच्या वाढत्या समजुतीला धरून. यांत शहाणपण आहे. आपलें मूल आपल्या देवापुढें बसविणें ही एक गोष्ट. दुसऱ्याचें मूल, त्याच्या आईबापांच्या नकळत, आपल्या देवापुढें बसविणें ही दुसरी. पहिलीला आम्ही संगोपन म्हणूं. दुसरीला तें नांव देतां येणार नाहीं, मग ती कोणत्याही धर्माच्या माणसानें केलेली असो.

परंतु खरा आक्षेप आमच्या मतें हा नव्हेच. प्रार्थना शिकविल्यानें त्या मुलाचें काय होतें, याविषयीं वाद पुष्कळ झाला. ज्याच्यासाठीं ती प्रार्थना होते त्या माणसाचें त्या मुलाच्या मनांत काय होतें, याविषयीं मात्र फारच थोडें बोललें गेलें आहे.

एरोमँगोकडे पुन्हा पाहूं. पेनी जमविणाऱ्या मुलांना सांगण्यांत आलें तें एवढेंच कीं, त्या बेटावर रानटी लोक राहतात आणि त्यांनीं एका साधुपुरुषाला मारलें. हें खोटें नव्हतें. पण अर्धेंच होतें. १८२५ सालापासून त्या बेटावर चंदनाच्या लांकडासाठीं व्यापाऱ्यांचीं जहाजें येऊं लागलीं होतीं, लांकूडतोडे उतरले होते, बेटावरील लोकांशीं त्यांच्या चकमकी होऊन रक्त सांडलें होतें. किनाऱ्यावर येणारी गोरी माणसें काय घेऊन येतात, हें त्या लोकांना विल्यम्स उतरण्यापूर्वींच पुरतें कळलेलें होतें. इतिहासकार त्याच्या मृत्यूच्या कारणांत हें एक मोठें कारण सांगतात. दुसऱ्यासाठीं देवापाशीं मागावयास बसलेल्या मुलाला ही गोष्ट सांगितली असती, तर त्याची प्रार्थना थांबली असती काय? आम्हांला तसें वाटत नाहीं. उलट ‘त्यांना क्षमा कर’ याच्या जागीं ‘आम्हां सर्वांना क्षमा कर’ असें म्हणावयास तें मूल शिकलें असतें. आणि ज्याला तें म्हणतां येतें त्याचें शिक्षण पुष्कळच पुढें गेलें असें आम्ही समजतों.

‘पवित्र बालपणा’च्या चळवळीला अमेरिकेंत जें रूप आलें तें तर याहून विचार करावयास लावणारें आहे. तेथील कॅथॉलिक शाळांतून १९६० च्या दशकापर्यंत अशी चाल होती कीं, वर्गानें पांच डॉलर जमविले म्हणजे परदेशांतील एक मूल ‘सोडविलें’ असें समजावयाचें, आणि त्या मुलाचें नांव काय ठेवावयाचें तें वर्गानें ठरवावयाचें. नांवाचा दाखलाही मिळे. मुलांना यांत किती आनंद वाटला असेल, हें आम्ही समजूं शकतों. पण आपल्याकडे बारशाला नांव कानांत सांगण्याचा मान आत्याचा असतो. नांव ठेवणें म्हणजे ‘हें मूल आमचें’ असें चार लोकांत सांगणें. ज्या मुलाला स्वतःची आई आहे, आत्या आहे, अगदीं कोणी नसलें तरी गांव आहे, त्याचें नांव दूरच्या शाळेंतील एका वर्गानें बहुमतानें ठरवावें, यांतील चूक त्या वर्गांतील मुलांना दिसणें शक्य नव्हतें. शिक्षकांना दिसावयास हवी होती. त्या मुलांनीं पांच डॉलर दिले हें पुण्यच झालें. पण त्याबरोबर, जें दुसऱ्याला दिलें त्याच्या मोबदल्यांत तो दुसरा थोडासा आपला होतो, ही समजूतही ते पांच डॉलर त्यांच्या मनांत ठेवून गेले.

ही समजूत निरुपद्रवी नसते. १८७० सालीं चीनमधील टिएनत्सिन शहरांत काय झालें तें प्रसिद्ध आहे. तेथील अनाथालयांतील फ्रेंच जोगिणी टाकलेलीं, आजारी मुलें आणून देणारास कांहीं पैसे देत. हेतु निर्मळ होता. पण आणलेलीं मुलें बहुधा मरणाच्या दारांतलीं असत, तीं मरत. आणि पैसे देऊन मुलें घेतात व तीं मरतात, एवढेंच शहराला दिसलें. मुलें चोरण्याच्या अफवा उठल्या, जमाव उसळला, फ्रेंच वकिलानें गोळी झाडून आगींत तेल ओतलें, आणि दहा जोगिणींसह पुष्कळ माणसें मारलीं गेलीं. जमावाच्या क्रौर्याचें समर्थन कोणी करणार नाहीं. पण दूरच्या देशांत सद्भावानें टाकलेलें नाणें त्या शहराच्या बाजारांत येईपर्यंत त्याचा अर्थ बदलतो, हें त्या हकीकतीवरून ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. देणाराला आपलें मन दिसतें, घेणाराला फक्त त्याचा हात दिसतो.

तर मग मुलांना या कामापासून दूर ठेवावें, हा निष्कर्ष निघतो काय? आम्ही तो काढणार नाहीं, आणि त्याचें कारण एका प्रसंगानें आम्हांला शिकविलें.

कांहीं वर्षांपूर्वीं नगर जिल्ह्यांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं आम्ही मुक्कामास होतों. घर ख्रिस्ती. रात्रीं जेवणापूर्वीं कौटुंबिक उपासना झाली. भिंतीवर जगाचा नकाशा होता, आणि सात वर्षांचा धाकटा मुलगा रोज त्यांतील एका देशावर बोट ठेवून त्या देशासाठीं प्रार्थना करी. अशीं पुस्तकेंही आतां मिळतात. पॅट्रिक जॉनस्टन यांचा ‘ऑपरेशन वर्ल्ड’ हा देशवार माहितीचा ग्रंथ १९६४ पासून वाढत आलेला आहे, आणि त्यांच्या पत्नी जिल यांनीं मुलांसाठीं त्याच पद्धतीचें पुस्तक लिहिण्याचें काम हातीं घेतलें होतें. त्या दिवशीं मुलाचा देश आटोपल्यावर त्यानें आमच्याकडे पाहिलें आणि विचारलें, “आजोबा, तुमच्यासाठीं काय मागूं?” त्याचे वडील ओशाळले. “सर, लहान आहे तो,” असें कांहींसें ते पुटपुटले. आम्हांलाही क्षणभर अवघडल्यासारखें झालें. आमच्यासाठीं काय मागावें, हें त्या घराच्या श्रद्धेप्रमाणें ठरलेलेंच असणार, असें आम्ही मनांत धरून बसलों होतों. आणि तसें तें मागितलें गेलें असतें तर आम्ही सभ्यपणें डोळे मिटून घेतले असते. पण मुलानें विचारलें होतें. आमच्या थोरल्या बहिणीच्या डोळ्यांवर त्या आठवड्यांत शस्त्रक्रिया व्हावयाची होती. तें आम्ही सांगितलें. मुलानें बहिणीचें नांव विचारून घेतलें आणि तें नांव घेऊन, तिला नीट दिसूं दे, एवढेंच मागितलें. त्यांत एकही शब्द अधिक घातला नाहीं.

पावणेदोनशें वर्षांच्या साधनांत जें क्वचितच होतें तें या एका प्रश्नांत होतें. त्या मुलानें आमचें नांव ठेवलें नाहीं, आमच्या बहिणीचें नांव विचारलें. आम्हांला काय हवें असावें हें त्यानें ठरविलें नाहीं, काय हवें आहे तें ऐकलें.

यावर श्रद्धावान् मनुष्य एक उत्तर देईल, आणि तें ऐकून घेतलें पाहिजे. तो म्हणेल, “माझ्यापाशीं जें सर्वांत मोलाचें आहे तें दुसऱ्याला मिळावें असें मी न मागणें हा कृपणपणा नाहीं काय? त्याला डोळे हवे आहेत म्हणून मीं डोळ्यांवरच थांबावें काय?” आम्हांला हा प्रश्न प्रामाणिक वाटतो. ज्याला आपली श्रद्धा खरोखर मोलाची वाटते त्यानें ती दुसऱ्यासाठीं इच्छूं नये, असें सांगणारा मनुष्य त्याला श्रद्धाच सोडावयास सांगतो. इच्छा करण्यास आमची हरकत नाहीं. आमची अट एवढीच कीं, हा दरवाजा दोन्ही बाजूंनीं उघडतो, हें मुलाला ठाऊक असावें. ‘मी त्याच्यासाठीं मागतों, तसाच तोही माझ्यासाठीं मागत असेल, आणि त्याला सर्वांत मोलाचें जें वाटतें तेंच मागत असेल’, हा विचार जें मूल निर्वैरपणें मनांत बाळगूं शकतें, त्याची प्रार्थना कोणालाही जाचणार नाहीं. ज्याला तो विचार अपमानाचा वाटतो, त्याला आपण प्रार्थनेच्या नांवाखालीं वरचढपणा शिकविला आहे. ही कसोटी आम्ही ख्रिस्ती घरापुरती सांगत नाहीं. आमच्या शाळांतून मुलें पसायदान म्हणतात. त्यांत दुष्टाचा नाश मागितलेला नाहीं, त्याच्या दुष्टपणाचा मागितला आहे. आणि पुढें ज्याला जें हवें तें त्याला मिळो असें म्हटलें आहे. ज्ञानेश्वरांनीं तें ठरविण्याचा अधिकार मागणाऱ्याकडे ठेवलेला नाहीं. पण तें म्हणणाऱ्या आमच्या मुलांना शेजारच्या ख्रिस्ती मुलाची प्रार्थना ऐकून घेण्याचें वळण आम्हीं लावलें आहे काय, हा प्रश्न आम्हीं आमच्या घरालाच विचारला पाहिजे.

या बाबतींत मिझोरामच्या ख्रिस्ती घरांतील एक रीत आम्हांला फार शहाणपणाची वाटते. तेथें विसाव्या शतकाच्या आरंभापासून चाल अशी आहे कीं, घरांत भात शिजवावयास घेतला कीं गृहिणीनें त्यांतील एक मूठ तांदूळ निराळा काढून ठेवावयाचा. घरोघरच्या या मुठी मंडळी गोळा करते, आणि त्यांवर तेथील मिशनचें काम, दूरदूरच्या प्रांतांत पाठविलेले उपदेशक, हें सर्व चालतें. महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाहीं. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांनींही मुष्टिफंडाचें धान्य खाल्लेलें आहे. या मुठींत पेनीच्या पेटीहून एक गोष्ट अधिक आहे. पेटीतला पैसा वरचा असतो. मूठ पानांतली असते. मूल तें रोज पाहतें. दुसऱ्यासाठीं कांहीं मागावयाचें तर आपल्या ताटांतलें कांहीं कमी करावयाचें असतें, हें त्याला सांगावें लागत नाहीं. आणि ज्यांच्या पूर्वजांसाठीं एके काळीं दूरच्या देशांत पेट्या फिरल्या, तेच आतां मूठ काढणारे झाले आहेत, हें पाहिलें म्हणजे देणारा आणि घेणारा या जागा कोणाच्याही वतनाच्या नाहींत, हेंही कळतें.

एरोमँगोची गोष्ट १८३९ त संपली नाहीं. २००९ सालीं, म्हणजे एकशें सत्तर वर्षांनीं, जॉन विल्यम्सचे वंशज त्या बेटावर गेले. बेटावरील लोकांनीं पूर्वजांच्या कृत्याबद्दल त्यांची क्षमा मागितली. आणि तेथील रिवाजाप्रमाणें, गेलेल्या माणसाच्या बदली, सात वर्षांची एक मुलगी त्या कुटुंबाच्या स्वाधीन केली. कुटुंबानें तिच्या शिक्षणाचा भार पत्करला. इंग्लंडांतील मुलांनीं एके काळीं जहाज पाठविलें होतें. बेटानें उत्तरादाखल एक मूल पुढें केलें. त्या मुलीला तेव्हां कोणीं विचारलें होतें काय, तें आम्ही सांगूं शकत नाहीं. पण मोठ्यांचें देणें फेडावयास शेवटीं मुलांनाच उभें करण्यांत येतें, हें मात्र त्यावरून दिसतें. आणि म्हणूनच त्यांच्या हातीं पेटी देण्यापूर्वीं, त्यांच्या तोंडीं प्रार्थना घालण्यापूर्वीं, मोठ्यांनीं त्यांना पुरतें खरें सांगितलें पाहिजे.

आमच्या बहिणीला आतां चांगलें दिसतें. तें वैद्यांच्या हातानें झालें कीं आणखी कशानें, या वादांत आम्ही पडत नाहीं. मात्र त्या घराला आम्ही तसें पत्रानें कळविलें, आणि पत्राच्या शेवटीं त्या मुलासाठीं आम्हीं काय मागावें, हें विचारावयास विसरलों नाहीं.